पार्श्वभूमी : दक्षिण टिरोलची रेल्वे

इन्सब्रुक ते बोत्सेन ही गाडी १८६७ मध्ये धावू लागली तेव्हा दोन्ही टोके ऑस्ट्रियातच होती. सुमारे १,३७० मीटर उंचीवरचे ब्रेनर हे वाटेतले एक स्टेशन होते. १९१९ च्या तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेले आणि ऑस्ट्रिया-इटलीची सीमा नेमकी ब्रेनरच्या खिंडीवर आली. पुढे दोन देशांनी तारांतून वेगवेगळी वीज सोडली आणि ब्रेनरला इंजिन बदलणे हा प्रवासाचा भागच झाला. सीमेवरची नियमित तपासणी १९९८ मध्ये थांबली.

तिकीट काढताना अडते ते नावापाशी. इथे प्रत्येक गावाला एक जर्मन आणि एक इटालियन नाव. बोत्सेन आणि बोल्त्सानो एकच. फ्रान्त्सेन्सफेस्टे तेच फोर्तेत्सा. प्रदेशाचे इटालियन नाव ‘आल्तो अदिजे’, म्हणजे अदिजे नदीचे वरचे खोरे. नेपोलियनच्या काळात, १८१० मध्ये, हे नाव एका प्रशासकीय विभागाला मिळाले आणि त्याचे मुख्य ठाणे होते दक्षिणेकडचे त्रेन्तो शहर. ‘दक्षिण टिरोल’ म्हणतानाही पूर्वी त्रेन्तोकडचा इटालियनभाषक मुलूख त्यात धरला जाई. म्हणजे दोन्ही शब्दांचा आजचा अर्थ सीमा आखल्यानंतर पक्का झाला. म्हणून दोन्हींना एकाच तराजूत घालणे मात्र मला पटत नाही. १९२३ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘टिरोल’ या नावावरच बंदी घातली आणि गावोगावी इटालियन नावे लादली. त्यांतली कित्येक तर नव्याने घडवलेली. स्टेशनच्या पाटीवरच्या दोन नावांमागे ऑस्ट्रिया आणि इटलीतल्या १९४६ च्या कराराची हमी आहे, आणि ती सहज मिळालेली नाही.

सध्या सगळी चर्चा ब्रेनरखालून खोदल्या जाणाऱ्या ५५ किलोमीटरच्या बोगद्याची. पण या प्रदेशाची खरी गोष्ट पश्चिमेच्या फिन्शगाउ खोऱ्यात आहे. मेरान ते माल्स हा ६० किलोमीटरचा फाटा १९०६ मध्ये सुरू झाला. तो पुढे ऑस्ट्रियातल्या लांडेकला जोडायचा होता. महायुद्ध आले, मग सीमा आली, आणि रूळ माल्सलाच थांबले. १९९० मध्ये तोट्याचे कारण देऊन हा फाटाच बंद केला गेला. तो निर्णय चुकीचाच होता. दक्षिण टिरोल प्रांताने १९९९ मध्ये मार्ग आपल्याकडे घेतला, रूळ आणि स्टेशने दुरुस्त केली, आणि २००५ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. वेळापत्रक नेमके असले की लोक मोटार घरी ठेवतात, हे तिथल्या भरलेल्या डब्यांनी दाखवले.

माल्सहून पुढे स्वित्झर्लंड वा लांडेक गाठायला आजही बसच पकडावी लागते.