व्यावसायिक स्थलांतर वकिली (गोवा)

परदेशी माणसाला भारतात आणि भारतीयाला परदेशात नोकरी-धंद्यासाठी लागणारे व्हिसा, नोंदणी व नागरिकत्व यांचे काम पाहणारी वकिली. गोव्यात तिची वेगळी सनद नसते. वकिलाला जाहिरातीची मुभा नाही, त्यामुळे ‘व्हिसा करून मिळेल’ असे फलक दिसतात ते एजंटांचे.

सुरुवात इतर वकिलांसारखीच: मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे विधी महाविद्यालयातून पदवी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, अखिल भारतीय बार परीक्षा. पुढचे सगळे सीनिअरच्या हाताखाली, फायली चाळत.

येणाऱ्यांच्या बाबतीत १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुन्या कायद्यांची जागा २०२५ च्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ कायद्याने घेतली आहे. नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार लागतो, पण स्वतःच्या मायदेशाचे जेवण रांधणाऱ्या परदेशी आचाऱ्याला यातून सूट आहे. मोरजीच्या एखाद्या रशियन रेस्टॉरंटचा रशियन आचारी या सवलतीत बसतो, त्याच गल्ल्यावरचा रशियन मॅनेजर बसत नाही. बिझनेस व्हिसावर इथल्या कंपनीचा पगार घेता येत नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर योगाचे वर्ग घेणारा शिक्षक तर सरळच अडचणीत येतो. घर घ्यायचे म्हणून कंपनी आणि कंपनी आहे म्हणून व्हिसा, असा उलटा हिशेब घेऊन येणारे अशीलही असतात. त्यांना वेळीच ‘नाही’ म्हणणे हे या वकिलीतले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी फीचे काम. घर घ्यायचे तर परदेशी माणूस फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, निवासी ठरावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक मुक्काम लागतो. पण नुसते दिवस भरून भागत नाही, राहण्याचा हेतूही पाहिला जातो. प्रकरण अंगाशी आले की मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या खंडपीठात रिट याचिका.

जाणाऱ्यांचे काम खास गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते. इथे कसब कागदांचे: जुन्या पोर्तुगीज दाखल्यात आजोबा ‘शेंकोरा पोरोबो’, आधारवर ‘शंकर प्रभू’, मग दोघे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्याने घेतलेल्या पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये आपसूक नोकरी करता येत नाही. तिथला कायदा तिथल्या सॉलिसिटरकडेच सोपवावा लागतो.

परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. घरचा धंदा पाहायला परतणाऱ्याला मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढावे लागते. त्यावर दुकान चालवता येते, फ्लॅट घेता येतो, वडिलोपार्जित भाटही (माडांची बागायत) वारशाने मिळते. शेजारची भातशेती मात्र विकत घेता येत नाही.