व्हीएनस्टॅट : लिनक्स सर्व्हरवरची बसवणी

व्हीएनस्टॅट हा लिनक्स सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसमधून, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या दारातून, किती डेटा आला नि किती गेला, याचा तासाचा, दिवसाचा, महिन्याचा हिशेब ठेवणारा मुक्त प्रोग्रॅम आहे. फिनलंडच्या टेमू तोइवोला यांनी तो लिहिला असून २००२पासून तो उपलब्ध आहे.

हा प्रोग्रॅम पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, उघडून पाहत नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रत्येक इंटरफेसवरच्या बाइटांची गणती मुळात करतच असतो. ते आकडे वाचून वहीत, म्हणजे स्वतःच्या साठवणीत, उतरवायचे, एवढेच याचे काम. म्हणून जुन्या यंत्रावरही भार जाणवत नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाला की कर्नलची गणती शून्यावर येते, वही मात्र शाबूत राहते.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी वाचनालयाने जुनी पुस्तके स्कॅन करून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहेत, असे समजा. गणेशोत्सवात आरतीसंग्रह उतरवून घेणाऱ्यांची झुंबड उडते आणि महिन्याची डेटामर्यादा ओलांडली जाते. बिल आल्यावर व्हीएनस्टॅट बसवून त्या दहा दिवसांचा हिशेब मिळत नाही. त्याची वही बसवल्या दिवसापासून सुरू होते. सर्व्हर हाती येताच तो बसवावा, तो यासाठी.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ॲप्ट या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने पॅकेज घेतले की सेवा (मागे सतत चालणारा भाग) सहसा आपोआप सुरू होते. रेड हॅट लिनक्सच्या कुळात आधी ईपेल ही जादा पॅकेजांची रिपॉझिटरी (साठा) जोडावी लागते, मग डीएनएफ या तिथल्या साधनाने पॅकेज घेऊन सिस्टिमसीटीएल या आज्ञेने सेवा चालू करावी लागते. लगेच आकडे मागितले तर पुरेशी माहिती नाही असे उत्तर येते. त्यात बिघाड काही नाही, पाचेक मिनिटे थांबावे.

घोळ होतो तो जुन्या सूचनांमुळे. आवृत्ती १मध्ये प्रत्येक इंटरफेससाठी आज्ञेला ‘डॅश यू’ (-u) हा पर्याय देऊन वही हाताने उघडावी लागे. आवृत्ती २ने साठवण एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये नेली. आता सेवा स्वतःच इंटरफेस शोधून वह्या उघडते आणि तो जुना पर्याय राहिलेला नाही. त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) असेल तर त्याचे आभासी इंटरफेसही वहीत येतात. सगळ्यांची बेरीज केली की तोच डेटा दोनदा मोजला जातो. म्हणून बाहेर जाणारा खरा इंटरफेस ‘डॅश आय’ (-i) ने नेमून द्यावा. ‘डॅश डी’ (-d) दिवसवार आणि ‘डॅश एम’ (-m) महिनावार तक्ता दाखवतो, ‘डॅश एल’ (-l) चालू वेग.

कोणता प्रोग्रॅम किंवा कोणता नेटवर्क पत्ता डेटा ओढतो, हे व्हीएनस्टॅट सांगू शकत नाही. प्रोग्रॅमनिहाय पाहायला नेटहॉग्ज, पत्त्यानिहाय पाहायला आयएफटॉप. दोन्हींना रूटचे (मुख्य व्यवस्थापकाचे) अधिकार लागतात आणि दोन्ही समोर चालले आहे तेवढेच दाखवतात.

बिलाचा महिना १ तारखेला सुरू होत नसेल, तर ईटीसी (/etc) फोल्डरमधल्या व्हीएनस्टॅटच्या सेटिंगच्या फाइलीत ‘मंथरोटेट’ (MonthRotate) पुढे ती तारीख लिहून सेवा पुन्हा सुरू करावी. महिन्याचा तक्ता मग बिलाच्या महिन्याप्रमाणे पडू लागतो.