बंपर शाबूत, मान दुखावलेली

सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून दुसरी गाडी येऊन आदळते. दोघंही उतरतात, वाकून बंपर बघतात, एखादा ओरखडा सोडला तर काहीच दिसत नाही. "लागलं नाही ना?" "नाही, नाही." आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाला उशीवरून मान उचलता येत नाही. काही महिन्यांनी प्रकरण नुकसानभरपाईच्या दाव्यापर्यंत पोहोचतं, तेव्हा समोरची बाजू त्या कोऱ्या बंपरचा फोटो पुढे करते. गाडीला काही झालं नाही, तर आत बसलेल्याला काय होणार?

हा युक्तिवाद पटकन पटतो, म्हणूनच तो घातक आहे. मुळात त्यात गाडीचं नुकसान आणि माणसाची इजा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत टाकल्या आहेत. पत्रा चेपतो तेव्हा तो धडकेची ऊर्जा खातो. हळू वेगात चेपू नये, दबून पुन्हा पूर्ववत व्हावा, अशाच बेताने बंपर बनवलेला असतो. म्हणजे कमी वेगाच्या धडकेत गाड्या चेपण्याऐवजी एकमेकींपासून थोड्या उसळतात, आणि उसळी जितकी जास्त, तितका पुढच्या गाडीला बसणारा धक्का जास्त.

साधं गणित करून बघू. उभ्या गाडीला तेवढ्याच वजनाची गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने मागून धडकली आणि दोन्ही चिकटून पुढे सरकल्या, तर उभ्या गाडीला ताशी साडेसात किलोमीटर वेग मिळेल. ३० टक्के उसळी धरली, म्हणजे धडकेच्या वेगाच्या ३० टक्के वेगाने गाड्या एकमेकींपासून दूर गेल्या, की तोच आकडा पावणेदहावर जातो. धडकणारं वाहन तिप्पट वजनाचं असेल, तर साडेचौदाच्या पुढे. अपघाताचा अभ्यास करणारे अभियंते हा वेगबदलच शोधत असतात, कारण माणसाच्या शरीरापर्यंत तोच पोहोचतो. समोरच्या वाहनाचं वजन काय होतं, हे बंपरच्या फोटोत कुठेच उमटत नाही.

ताशी दहा किलोमीटरचा वेगबदल सेकंदाच्या दहाव्या भागात झाला, तर गाडीचं सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तिप्पट होतं. डोक्याला बसणारा झटका गाडीच्या झटक्यापेक्षा बराच मोठा असू शकतो, कारण डोकं हे एका लवचिक दांड्याच्या टोकावर बसवलेलं जड ओझं आहे.

मानेत नेमकं काय होतं, याबद्दल बरीच वर्षं समज असा होता, की डोकं मागे फेकलं जातं आणि मान वाजवीपेक्षा जास्त मागे वाकते. १९९७ मध्ये येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांच्या गटाने मृतदेहांच्या मानेच्या मणक्यांवर केलेल्या प्रयोगांनी वेगळंच चित्र समोर आणलं. धडकेनंतर आसनाची पाठ धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र जडत्वामुळे होतं तिथेच राहतं. त्यामुळे पहिल्या ७५ मिलिसेकंदांत मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळते: वरचे मणके पुढे झुकतात, खालचे मागे. पूर्ण मान अजून नेहमीच्या मर्यादेत असते, पण खालच्या दोन मणक्यांमधला सांधा मर्यादा ओलांडून गेलेला असतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे जोडसांधे असतात, त्यांची कडा चिमटते, आवरण ताणलं जातं. मानेचे स्नायू पूर्ण जोर लावेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग उलटलेला असतो. शरीर सावध होण्याआधीच हे सगळं होऊन जातं. मान त्या क्षणी आरशाकडे वळलेली असेल किंवा डोकं आसनावरच्या टेकायच्या उशीपासून लांब असेल, तर ताण आणखी वाढतो.

याच्या विरोधात १९९४ मधल्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. खुर्चीत धपकन बसलं, तरी डोक्याला क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या दहापट त्वरण मिळतं, असं त्यात मोजलं होतं. मग गाडीच्या धक्क्याचं एवढं काय? आकडा खरा आहे, पण खुर्चीत बसताना आपल्याला आपण बसतोय हे माहीत असतं, स्नायू आधीच आवळलेले असतात आणि धड व डोकं एकाच दिशेने बरोबर जातात. डोक्याचं त्वरण मोजून दोन मणक्यांमध्ये काय घडलं, ते कळत नाही.

मग ते कळतं कशाने? इथे खरी अडचण सुरू होते. एक्स-रे हाड मोडलं तर सांगतो, सांध्याचं आवरण ताणलेलं त्याला दिसत नाही. एमआरआयची अडचण उलटी, त्यात फार दिसतं. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधली चकती फुगलेली आढळली. त्यामुळे 'चकती फुगली आहे' एवढ्या ओळीवर उभा केलेला दावा उलटतपासणीत टिकत नाही, आणि टिकूही नये.

या कोंडीतून निघालेला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथला आहे. निकोलाय बोग्डुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटार अपघातानंतर वर्षानुवर्षं मान दुखणाऱ्या रुग्णांमध्ये त्या छोट्या जोडसांध्यांच्या मज्जातंतूंना भूल दिली. एकदा कमी वेळ टिकणारी, एकदा जास्त वेळ टिकणारी, आणि एकदा नुसतं मिठाचं पाणी. कधी काय टोचलं, हे रुग्णाला माहीत नसे. ज्याचं दुखणं औषधाच्या कालावधीप्रमाणेच थांबे आणि पाण्याने थांबत नसे, त्याचं दुखणं त्या सांध्यातून येत होतं, हे कबूल करावंच लागलं. मग अशा २४ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांचे ते बारीक मज्जातंतू उष्णतेने निकामी केले, उरलेल्यांवर तीच प्रक्रिया उष्णतेशिवाय केली. थांबलेलं दुखणं पुन्हा वाढून आधीच्या निम्म्यापर्यंत परतायला पहिल्या गटात २६३ दिवस लागले, दुसऱ्यात ८ (हे मध्यक आहेत: निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त). पुढे याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली: वेदना थांबलेल्या रुग्णांची मानसिक घालमेलही निवळली. वर्षानुवर्षं ज्यांना "हे तुमच्या मनात आहे" असं सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष किती मोठा असेल, याचा विचार केला तरी गलबलून येतं.

तरी प्रत्येक दुखणं सांध्यातूनच येतं, असं नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात ५१ स्वयंसेवकांना धडकेचा नुसता आभास दिला, मानेला इजा होईल असा धक्का बसलाच नव्हता. तरीही जवळपास पाचातल्या एकाने नंतर तक्रारी सांगितल्या. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने १९९५ मध्ये यातना भोगल्याची भरपाई बंद केली, तेव्हा मानेच्या झटक्याचे दावे २८ टक्क्यांनी घटले आणि लोक लवकर बरे झाल्याचंही दिसलं. काही जण यावरून सगळ्याच दावेदारांना खोटं ठरवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. भीती, ताण, वर्षभर चाललेले खेटे, प्रत्येक तपासणीत पुन्हा सांगावी लागणारी कहाणी, यांनी वेदना लांबते, आणि लांबलेली वेदना सोसणाऱ्यासाठी खरीच असते.

शिवाय सगळी शरीरं सारखी नसतात. मणके एकमेकांना जुळून ताठ होतात, अशा आजारात पाठीचा कणा बांबूसारखा होतो आणि किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. साध्या एक्स-रेत ती मोड निसटते. वयस्कर माणसाचा मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हलक्या आदळण्यानेही कवटीखाली हळूहळू रक्त साचतं आणि गोंधळ, डोकेदुखी, अडखळती चाल अशी लक्षणं काही आठवड्यांनी उमटतात. कायद्याला हे ठाऊक आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १८८९ साली ११ वर्षांच्या मुलाने वर्गात १४ वर्षांच्या मुलाच्या नडगीला पायाने हलकासा धक्का दिला. तो पाय आधीच दुखावलेला होता, तो कायमचा निकामी झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये ठरवलं, की इतकं होईल हे आधी कळणं शक्य नसलं, तरी पूर्ण नुकसानीची जबाबदारी धक्का देणाऱ्याचीच.

जर्मनीतही ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी वेगबदल म्हणजे मानेला इजा नाहीच, असा ठोकताळा अनेक न्यायालयं वापरत होती. २८ जानेवारी २००३ रोजी तिथल्या संघराज्य न्यायालयाने तो नाकारला. बसण्याची ढब आणि इतर परिस्थिती पाहून प्रत्येक प्रकरण वेगळं तोलावं, असं सांगितलं.

तोलण्यासाठी तागडीत काय टाकायचं? माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे तारखा. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांनी लिहिलेला केसपेपर, त्यात मान कोणत्या बाजूला किती वळते, हाताच्या कोणत्या बोटाला मुंग्या येतात, पकडीत जोर किती, असं मोजून लिहिलेलं. मुंग्या आलेली बोटं आणि एमआरआयमध्ये दबलेला मज्जातंतू एकमेकांशी जुळले, तर ती जोडी नुसत्या फुगलेल्या चकतीपेक्षा कितीतरी पटीने बोलते. मज्जातंतू दुखावल्याच्या खुणा स्नायूंच्या विद्युत तपासणीत उमटायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे घाईने केलेली तपासणी 'सर्व ठीक' येते आणि पुढे तोच कागद विरोधात वापरला जातो. आधीचं मानेचं दुखणं असेल, तर ते लपवू नये. जुने कागद शोधून काढले जातातच, आणि 'आधी वर्षातून दोनदा दुखायचं, आता रोज दुखतं' हे नोंदींसकट मांडता आलं, तर तोच जुना कागद आपल्या बाजूने उभा राहतो.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अपघाताच्या क्षणाची नोंद करणारं यंत्र असतं. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचं आहे. अमेरिकी नियमांनुसार १५० मिलिसेकंदांत ताशी ८ किलोमीटरचा वेगबदल झाला, की ते नोंद ठेवतं. एअरबॅग उघडली नसेल, तर मात्र पुढच्या एखाद्या धक्क्याने ही नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून दावा करायचा असेल, तर गाडी दुरुस्तीला देण्याआधीच ती नोंद काढून घ्यायला सांगावं.