उष्णतेचा ताण आणि आरंभीच्या भ्रूणातील अधिजनुकीय नियमन

मादीचे शरीर तापल्यामुळे फलनानंतरच्या पहिल्या आठवड्यात भ्रूणाच्या अधिजनुकीय खुणांमध्ये होणारे फेरफार या नोंदीत दिले आहेत. जनुकांचा मूळ क्रम यात तसाच राहतो. कोणते जनुक केव्हा चालू व्हावे हे ठरवणारे डीएनएवरील मेथिल गट आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील मेथिल व ॲसिटिल गट मात्र हलतात. नागपूर परिसरात हा प्रश्न मुख्यतः संकरित गायी व म्हशींच्या गाभण राहण्याशी निगडित आहे. गायीच्या शरीराचे तापमान एरवी ३८.५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी ४५ अंशांवर गेलेल्या पाऱ्यात ते ४० ते ४१ अंशांपर्यंत चढू शकते.

फलनानंतर पित्याकडून आलेल्या डीएनएवरील मेथिलेशन, म्हणजे मेथिल गटांच्या खुणा, टेट३ हे विकर सक्रियपणे काढू लागते. मातेकडच्या डीएनएवरील खुणा प्रत्येक पेशीविभाजनागणिक विरळ होत जातात. गायीच्या भ्रूणात ही पातळी साधारण ८ पेशींच्या टप्प्यावर सर्वांत खाली येते आणि नंतर डीएनएमटी३ए व डीएनएमटी३बी ही विकरे नव्या खुणा घालतात. एच१९–आयजीएफ२ सारख्या छापांकित, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडचीच प्रत चालू राहणाऱ्या, जनुकांवरील खुणा या सगळ्या पुसापुशीतून वाचल्या पाहिजेत. ते काम डीएनएमटी१ सांभाळते. इथली चूक त्या भ्रूणात पुन्हा दुरुस्त होत नाही, कारण हे छाप फक्त पुढच्या पिढीच्या जननपेशी घडताना नव्याने पडतात.

उष्णतेने पेशीत ऑक्सिजनची विघातक संयुगे वाढतात आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आटतो. टेट विकरांना फेरस लोह लागते, ते ऑक्सिडीकरणाने निकामी होते. मेथिल गट पुरवणारे एस-ॲडेनोसिल मेथिओनिन ज्या चयापचयातून येते, तेही ऑक्सिडीकरणाच्या ताणाने विस्कळीत होऊ शकते. तापलेल्या भ्रूणात मेथिलेशन सरसकट घटते किंवा सरसकट वाढते असे मात्र नाही. प्रजाती, टप्पा, तापमान आणि तासांनुसार निष्कर्ष उलटसुलट येतात.

निर्णायक बाब वेळ आहे. गायीच्या भ्रूणाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतात. उंदरात हे २ पेशींनाच घडते. तोवर भ्रूण बीजांडातून मिळालेल्या शिदोरीवर जगतो आणि तापाला पुरेसे उत्तर देऊ शकत नाही. फ्लोरिडात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रेतनानंतर पहिल्या दिवशी तापवलेल्या गायींमधील भ्रूणांची जगण्याची क्षमता घटली. तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी दिलेल्या तापाने तसे झाले नाही. देशी रक्ताचाही फरक पडतो. ब्राह्मण व नेलोर या वशिंडधारी गायींचे भ्रूण प्रयोगशाळेत ४१ अंशांना होल्स्टीनपेक्षा चांगले टिकतात.

प्रयोगशाळेत नियंत्रण गट ३८.५ अंशांवर आणि ताणगट ४१ अंशांवर काही तास ठेवतात. तापमान वाढले की भ्रूण वाढवण्याच्या द्रव माध्यमात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो आणि सामू चढतो. वायूचे प्रमाण त्यानुसार वाढवले नाही, तर सामूचा परिणाम उष्णतेच्या खात्यावर जमा होतो. मेथिलेशन मोजण्याची बायसल्फाइट पद्धत मेथिल सायटोसिन आणि टेट३ त्यापासून बनवते ते हायड्रॉक्सिमेथिल सायटोसिन यांत भेद करत नाही, त्यामुळे टेट३ ज्या वेळी कामात असते नेमकी तेव्हाच ती दिशाभूल करते. याहून मोठी अडचण तुलनेची. तापलेला भ्रूण मागे पडतो. घड्याळ पाहून दोन्ही गटांचे ७२ तासांचे नमुने घेतले तर एकीकडे ८ पेशींचे, दुसरीकडे ४ पेशींचे भ्रूण हाती येतात आणि निव्वळ विलंब ‘अधिजनुकीय बदल’ म्हणून नोंदला जातो. म्हणून पेशींची संख्या जुळवणे आवश्यक असते. सातव्या दिवशीच मोजल्यास मेलेले भ्रूण हिशेबातून आपोआप गळतात, ही आणखी एक खोट.

गोठ्यात ताणाचा अंदाज तापमान-आर्द्रता निर्देशांकाने घेतात. दुधाळ गायीसाठी ७२ ही प्रचलित मर्यादा आहे. ४५ अंश व १५ टक्के आर्द्रतेला तो सुमारे ८७ येतो, तर ३६ अंश व ६० टक्क्यांना ८८. म्हणजे पहिल्या पावसानंतरचा दमट उकाडा मे महिन्याइतकाच जाचक ठरतो, आणि तेव्हाच कूलर व फवारे निरुपयोगी होऊ लागतात, कारण ओल्या हवेत पाणी उडत नाही. अशा दिवसांत पंख्याचा जोर वाढवून जनावराचे अंग पूर्ण भिजवावे लागते. नुसत्या तुषारांनी केस वरवर ओले होतात व दमटपणा वाढतो. म्हशीला घामग्रंथी कमी, कातडी काळी, म्हणून डुंबण्याची सोय हवीच.

रेतन पहाटे केले तरी पुढचे दोन-तीन दिवस गोठा थंड ठेवला नाही तर उपयोग थोडा. वाढत्या बीजांडालाही झळ बसत असल्याने ऊन ओसरल्यावरही दोन-तीन माजचक्रे गायी उलटत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत, राहतात. वळूच्या बाबतीत शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे मेची झळ जुलैच्या वीर्यातही दिसू शकते. रोमंथिकेत, म्हणजे गायीच्या पहिल्या पोटात, न विरघळणारे मेथिओनिन खाद्यातून देता येते, पण त्याने भ्रूणावरील खुणा पूर्ववत होतात असे धरू नये. सातव्या दिवसाचा भ्रूण गर्भाशयात ठेवणे हा उपाय अधिक खात्रीचा, कारण नाजूक दिवस तोवर उलटलेले असतात. भ्रूण देणारी दाता गाय स्वतः होरपळलेली असेल तर हा फायदा घटतो. हिवाळ्यात मिळवून गोठवलेले भ्रूण त्यासाठी बरे. मात्र प्रयोगशाळेत वाढवलेले भ्रूण गोठण-वितळणीत शरीरात वाढलेल्यांपेक्षा जास्त दगावतात.