गटाने सोडवायचे खेळ (ग्रामीण विदर्भ)

एकट्याने सुटणार नाही अशी अडचण आठवी ते बारावीच्या पोरापोरींना द्यायची आणि आपण बाजूला होऊन गप्प बसायचं, हे गटखेळ म्हणजे एवढंच. यातलं गप्प बसणंच सगळ्यात अवघड, कारण सरांना उत्तर माहीत असतं नि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना जी १० जीवनकौशल्यं सांगते त्यात समस्या सोडवणं, संवाद आणि परस्परसंबंध तिन्ही येतात. तसं आपल्याकडे करून शिकणं काही नवीन नाही, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतच गांधीजींनी नई तालीम मांडली, फक्त तिथे हातात चरखा होता न इथे बारदाना.

बारदाना पलटवणे : पाच-सहा जण पोत्यावर उभे राहतात, कोणाचाही पाय खाली न लागता पोतं उलटं करायचं. एका मैदानावर नववीचा गट पाहिला, एक पोट्टा सारखा ओरडून हुकूम सोडत होता आणि सगळे पोतं मधातून ओढत होते. कडेला उभी पोरगी हळूच म्हणाली, "मधातून कायले ओढून राह्यले, कोपऱ्यातून घडी घाला न." कोणी ऐकलं नाही. दोनदा सगळे धपकन खाली आल्यावर ऐकलं, मग पाच मिनिटात झालं. नंतरच्या गप्पांमध्ये विचारायचा प्रश्न एकच, ती पहिल्यांदा बोलली तेव्हा कोणाकोणाला ऐकू आलं होतं? चार हात वर गेले, ओरडणाऱ्याचा नाही.

मनोरा : दिलेल्या सामानातून जमेल तेवढा उंच मनोरा उभा करायचा. मूळ खेळ डिझायनर पीटर स्किलमन यांचा, त्यात २० कच्च्या स्पॅगेटी (शेवयांसारख्या लांब काड्या), एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी, वर मार्शमॅलो (मऊ, गोड मिठाई) आणि वेळ १८ मिनिटं. गावात मार्शमॅलो कुठून आणणार, म्हणून तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), सुतळी आणि वर निंबू. गंमत म्हणजे यात बालवाडीतली लेकरं बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच बांधतात, कारण ती आधी प्लॅन करत बसत नाहीत, सुरुवातीपासूनच वर मार्शमॅलो ठेवून बघतात, पडलं की परत.

हातांची गाठ : आठ-दहा जण गोलात उभे राहून समोरच्यांचे हात धरतात आणि न सोडता गुंता सोडवतात. गावात पोरंपोरी एकमेकांचे हात धरायला लाजतात, घरी कळलं तर बोलणी बसतात ते वेगळंच, म्हणून मधात रुमाल किंवा सुतळीचा तुकडा द्यावा, खेळ तोच राहतो. कधीकधी गाठ सुटतच नाही, एकात एक अडकलेले दोन गोल उरतात, ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

वेळ : दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी लागली की अर्धा गट वावरात असतो, तेव्हा जुलै-ऑगस्ट बरा. उन्हाळ्यात घ्यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत उरकावं, नंतर कडुनिंबाखालीही बसवत नाही.