शेतातल्या हवामान केंद्राचा आकडा खरा राहावा म्हणून
(आमच्या द्राक्ष व डाळिंब बागायतदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. सरकारी केंद्राचं असं होतं, तर तुमच्या बागेतल्या केंद्रावरही लक्ष हवंच. डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) फवारणी आज घ्यायची की थांबायचं, हे तुम्ही त्या आकड्यावर ठरवता.

सगळ्यात जास्त फोन येतात ते पावसाचे, म्हणून आधी पर्जन्यमापक. नरसाळ्याखाली दोन खणांची एक डुलती वाटी असते. एक खण भरला की ती टक्कन कलंडते आणि ०.२ मिमी पाऊस नोंदला जातो. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाचा फोन आला, "इथे धो धो चाललाय आणि मोबाईलवर शून्य!" जाऊन नरसाळं उचललं, तर कोळ्याच्या दोन धाग्यांनी वाटी जागेवर बांधून ठेवली होती. सेन्सर ठणठणीत होता. कधी कडुलिंबाची काडी अडकते, कधी कुंभारीण माशी भोकात माती भरते, पक्ष्यांची शिट तर रोजचीच. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नरसाळं काढून आत बघाच.

मोजणी बरोबर आहे का, हे घरीही तपासता येतं. आपल्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंमी आहे, म्हणजे २०० मिली पाणी बरोबर १० मिमी पावसाइतकं. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा आणि हे पाणी अर्ध्या तासात थेंब थेंब सोडा. वाटी ५० वेळा कलंडायला हवी. दोन कमी-जास्त चालतील. तांब्याने भसकन ओतू नका. वाटी कलंडत असताना पडणारं पाणी मोजलं जात नाही, आणि याच कारणाने मुसळधार पावसात केंद्र थोडं कमी दाखवतं. चाचणीची तारीख आम्हाला कळवा, नाहीतर तो पाऊस म्हणून नोंदीत राहील. ब्लोअरचा फवारा नरसाळ्यात गेला तर तोही पाऊसच धरला जातो.

"शेजाऱ्याकडे ४०, माझ्याकडे २२ कसा?" पाऊस खरोखरच जागोजागी वेगळा पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७३ मिमी होता. पण आधी वेळ बघा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, मोबाईल ॲप बहुतेक वेळा रात्री बारा ते बारा धरतं. केंद्रासोबत दिलेला साधा पर्जन्यमापक रोज साडेआठला वाचून वहीत लिहा. ती वही आम्हाला दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडते.

जागेबाबत आम्ही हट्ट धरतो, त्याचा राग मानू नका. पंपघराच्या स्लॅबवर केंद्र बसवणं सोपं असतं, पण तिथे वारा थेंब उडवून नेतो आणि तापलेलं सिमेंट तापमान वाढवतं. झाड किंवा शेड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतर तरी सोडावं. १५ फुटी शेडपासून ३० फूट. नरसाळं पाणसळ लावून सपाट ठेवायचं.

तापमानाचा सेन्सर पांढऱ्या ताटल्यांच्या छत्रीत असतो. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) निळा थर आणि धूळ बसली की ती ऊन परतवत नाही, उलट तापते. वारा नसलेल्या दुपारी आकडा आणखी फुगतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. थंडीत मात्र उलटी काळजी घ्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा सेन्सरच्या उंचीपेक्षा जास्त गार असते. निफाडकडच्या बागायतदारांनी पहाटेचा ४ अंशाचा आकडा वेलीच्या बुंध्यापाशी त्याहून कमी असणार, असं धरूनच शेकोट्यांची तयारी ठेवावी.

दर मे महिन्यात आम्ही तपासलेला थर्मामीटर तुमच्या सेन्सरशेजारी २४ तास ठेवतो. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक निघाला तर सेन्सर बदलतो. जुन्या नोंदींना हात लावत नाही. चूक कधीपासून दिसते, तेवढं त्यांच्यापुढे लिहून देतो.