तुमची कथा, तुमचं खातं: ऑनलाइन प्रकाशनाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कथा घेऊन कोणी आमच्या डीटीपी सेंटरवर आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी कुठे आलीय का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही... म्हणजे फेसबुकवर टाकली होती, पण ते काय प्रकाशन नव्हे."

संपादकाच्या लेखी ते प्रकाशनच. दिवाळी अंक असोत की कथास्पर्धा, 'साहित्य अप्रकाशित असावे' ही अट जवळजवळ सगळीकडे असते, आणि सगळ्यांना दिसेल अशी ऑनलाइन टाकलेली कथा त्यात बसत नाही. पोस्ट नंतर काढून टाकली तरी भागत नाही, कारण कोणीतरी वाचलेली असते, कोणीतरी पुढे पाठवलेली असते. व्हॉट्सॲपवर तर कथा फिरत फिरत आपल्याच ग्रुपवर परत येते, आणि खाली लेखकाचं नाव गायब.

म्हणून आमचा सल्ला असा. कथा दिवाळी अंकाकडे पाठवण्याजोगी वाटत असेल तर आधी तिकडे पाठवा, ऑनलाइन नंतर. छापून आल्यावर संपादकांना एक ओळीचं ईमेल करून विचारा, "ही कथा मी आता ऑनलाइन प्रकाशित करू का?" आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. उलट क्रमाने हे होत नाही. यात आमचं काम चार-सहा महिने लांबतं, पण चालेल.

आता कुठे टाकायची. मराठीत एकट्या कथेला वाचक हवे असतील तर प्रतिलिपीसारखं ॲप बरं. वाचक तिथे मोबाईलवर वाचायच्या तयारीनेच येतो आणि अभिप्रायही लगेच देतो. विकायची असेल तर ॲमेझॉनचं केडीपी, म्हणजे किंडलवर स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सोय. खातं फुकट उघडतं, मराठी पुस्तकं चालतात आणि ई-बुकला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, लागत नाही. (हवाच असेल तर भारतात तो सरकारकडून मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते अर्ज भरण्याचे आहेत, हे लक्षात घ्या.)

पैशांचं स्पष्ट सांगतो. केडीपीवर रॉयल्टीचे दोन दर आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. किंमत 100 रुपये धरली तर कर वगळून तुमच्या हाती साधारण 35 किंवा 70 येतात, आणि 70 मधून फाईलच्या वजनाप्रमाणे थोडी कपातही होते. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव नोंदवावं लागतं. गोची इथेच आहे. सिलेक्टमध्ये गेलात की 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी फुकटसुद्धा, ठेवता येत नाही. नमुना म्हणून 10 टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. प्रतिलिपीवर पूर्ण कथा तशीच ठेवून एका ताईंनी सिलेक्टवर टिचकी मारली आणि ॲमेझॉनची तंबी आल्यावर घाबरून आमच्याकडे आल्या. कथा एका ठिकाणाहून काढली आणि प्रकरण मिटलं. पण कुठली खूण आपण केली होती हेच त्यांना आठवत नव्हतं. त्या 90 दिवसांची मुदत आपोआप पुढे वाढते, तेव्हा नको असेल तर ती खूण आठवणीने काढा.

खरं सांगायचं तर बारा पानांच्या एका कथेसाठी वाचक 100 रुपये देत नाही. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वाचक ठरावीक वर्गणी भरून पुस्तकं वाचतो त्या सोयीत, वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, आणि बारा पानांचे ते असे किती मिळणार? पाच-सहा कथा साठवा, मग संग्रह करा. एकट्या कथेने वाचक मिळवा. हे सांगून आम्ही आमचंच एक काम घालवतो, पण तीन महिन्यांनी "विक्री का नाही?" असा फोन घेण्यापेक्षा बरं.

केडीपीचे पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी बँकेत येतात. खातं उघडताना अमेरिकेच्या कराचा अर्ज भरावा लागतो. त्यात पॅन नीट घातला तर तिथल्या विक्रीवर 30 ऐवजी 15 टक्के कर कापला जातो. अमेरिकेतला भाचा विकत घेणार असेल तर हा रकाना सोडू नका.

फाईलबद्दल थोडं जास्त बोलू, कारण आमचा निम्मा दिवस त्यातच जातो. जुनं टायपिंग श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते आमच्या पडद्यावर ठीक दिसतं आणि वाचकाच्या मोबाईलवर कचरा दिसतो, कारण ती अक्षरं युनिकोडची, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या सामायिक पद्धतीची, नसतात. रूपांतर करता येतं, पण त्यात 'ऱ्य' हमखास बिघडतो. मागे एका कथेत सह्याद्रीतल्या 'दऱ्या' सगळीकडे 'दर्या' झाल्या होत्या. घाटातली कथा थेट समुद्रावर गेली. आचारी आणि आचार्य यांचंही तसंच: 'आचाऱ्यांना' वाढायला सांगायचं होतं, 'आचार्यांना' सांगून बसलो. शब्द-तपासणीचं साधन हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. म्हणून रूपांतरानंतर आम्ही कागदावर प्रूफ काढतो आणि ते तुम्हीच वाचायचं असतं. मोठ्याने वाचलंत तर उत्तम.

आम्ही पीडीएफ नाही, ईपब ही ई-बुकची फाईल देतो. पीडीएफचं पान मोबाईलवर बोटाने ओढत बसावं लागतं. ईपबमध्ये वाचक अक्षर मोठं करू शकतो. फाईलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवतो, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. मुखपृष्ठ 1600 बाय 2560 पिक्सेलचं करतो आणि मग अंगठ्याच्या नखाएवढं करून बघतो. त्या आकारात नाव वाचता आलं नाही तर परत करतो, मग चित्र कितीही सुरेख असो.

हक्कांबद्दल. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली की हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर एका साहित्यकृतीला 500 रुपये सरकारी शुल्क आहे. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारत. "सर्व हक्क कायमस्वरूपी" असा कागद कोणी पुढे केला तर सही करण्याआधी आम्हाला दाखवा, वाचून देण्याचे पैसे नाहीत. आणि कथेच्या सुरुवातीला सिनेमाच्या गाण्याच्या दोन ओळी टाकल्या असतील तर त्या काढा. तुकोबांचा अभंग खुशाल ठेवा.

शेवटी आमचं काम काय ते. टायपिंग, रूपांतर, मुद्रितशोधन, ईपब आणि मुखपृष्ठ यांचे पैसे आम्ही एकदाच घेतो. रॉयल्टीत वाटा नाही. खातं तुमच्या नावाचं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पॅनवर आणि बँकेवर. शेजारी बसून आम्ही मदत करतो, पण ओटीपी तुमच्याच फोनवर येतो आणि पासवर्ड आम्ही लिहून ठेवत नाही. काम झाल्यावर वर्ड आणि ईपब, दोन्ही फाईली पेनड्राइव्हवर देतो. येताना पेनड्राइव्ह, पॅन कार्ड आणि कथा कुठेकुठे पाठवली आहे त्याची यादी आणा. यादी आठवत नसेल तर फोनमधले पाठवलेले ईमेल आधी एकदा बघून या.